कुलूप भंगारात द्यावे

मी, या गल्लीची टेलरबाई, आज पूर्ण शुद्धीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी. माझी बोटं बधिर आहेत, म्हणून शेजारचे निवृत्त कारकून लिहून घेत आहेत. मध्येच ते म्हणतात, "बाई, हे कायद्यात बसत नाही." मी म्हणते, तरी लिहा.

१. मला पोर्फिरिया आहे. रक्ताचा लाल रंग बनवताना माझं शरीर मध्येच अडतं आणि अर्धवट माल साचत जातो. बाह्या न लावलेल्या कपड्यांचा ढीग म्हणा. मग पोटात कळा येतात, लघवी लाल होते, हातापायांतलं बळ जातं. उपास घडला की हे उसळतं. आजार आईकडून आला. आमच्याकडे पोट दुखलं की लंघन. आई स्वयंपाकघराला कुलूप घालायची आणि स्वतःही उपाशी राहायची. ती दुष्ट नव्हती. माझी धाकटी बहीण त्या कुलपाच्या अलीकडे तळमळत गेली. मी कामावर साखर चघळायची, म्हणून वाचले, आणि घरात 'हावरी' ठरले. आता याचं रडू येत नाही. बोटांसारखंच तेही बधिर झालंय.

२. राहतं घर भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, एकटीच्या नावावर. मध्यंतरी ती भिंतीला धरून धरून आली. "आत्या, तसंच दुखतंय. बाबा म्हणतात, बरं वाटेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही." साखरपाणी पाजून तिला दवाखान्यात नेलं. तपासणीत माझंच दुखणं निघालं. दादा म्हणाला, "तूच तिच्या डोक्यात भरवलंस. नाटकं आहेत दोघींची!" मी आहे तोवर तिला यायला एक घर आहे. माझ्यामागे ती कुठे जाईल? म्हणून हे तिला. स्वयंपाकघराचं दार मी सुताराकडून उतरवून घेतलंय. ते परत बसवू नये.

३. मशीन आणि मोठी कात्री वहिनीला. तिचा डोळा होताच. मात्र कात्रीने कागद कापू नये.

४. दादाला त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता. दादा, हे दुखणं पोरीपर्यंत तुझ्यातूनच गेलं. तिला काही मी जन्म दिला नाही. तुला कधी दुखलं नाही, एवढंच. चिडशील. चीड, पण तपासून घे. आणि तिला कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टरांना आजाराचं नाव सांगत जा. एखादी झोपेची गोळीसुद्धा तिला महागात पडेल.

५. आईचं कुलूप माझ्या ट्रंकेत आहे. का ठेवलं, कोण जाणे. ते किल्लीसकट भंगारवाल्याला द्यावे.

६. मी जाईन त्या दिवशी या घरात शेगडी पेटलीच पाहिजे. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. दुःखात घास उतरत नाही, हे आपल्या रक्ताला परवडत नाही. पोरी, आधी जेव. मग रड.

ठिकाण: पुढची खोली, मशीनजवळ.
तारीख: कारकून घालतील ती.
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), समोरचे इस्त्रीवाले काका (सही).

अंगठा माझाच आहे. शाई लागलेली कळली नाही, पण उमटलाय.