खोडलेला चौकोन

प्रिय दादा,

प्रिय लिहिताना हात आखडला, पण सवय जात नाही. काल फोनवर तू म्हणालास, ठमीच्या होणाऱ्या सासरी तुझ्या मुलांच्या आजाराचा विषय काढू नकोस, माझ्या लेकीचं जमलेलं लग्न फिसकटेल. मी फोन ठेवून दिला. तोंड उघडलं असतं तर काय काय बाहेर पडलं असतं कोण जाणे, म्हणून लिहितेय.

थोरल्याला जन्मभर रक्त चढवावं लागणार हे कळलं तेव्हा तू धावत आलास, हे मी विसरले नाही. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कागदी रुमालावर तू चार चौकोन काढलेस. आम्ही नवराबायको दोघंही या आजाराचे वाहक, म्हणून चारात एक शक्यता आजारी मुलाची, हे छान समजावलंस. जीवशास्त्राचा मास्तर ना तू. मग त्या एका चौकोनावर काट मारलीस आणि म्हणालास, हा आला वाट्याला, उरलेले तीन तुमचे, बिनघोर राहा. मला इतकं हायसं वाटलं की तुझ्या वाटणीचा चहासुद्धा मीच पिऊन टाकला.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्या म्हणत होत्या. तू म्हणालास, कशाला उगाच सुया टोचून घेतेस. आता दोघं शेजारशेजारच्या खाटांवर झोपतात आणि कुणाची रक्ताची पिशवी आधी संपते यावर पैज लावतात. धाकटी बहुतेक वेळा जिंकते. ती झाली याचा मला राग नाही, नीट ऐक. राग याचा आहे की नाण्याला मागचं काही आठवत नसतं हे वर्गात घसा फोडून शिकवणारा तू, घरात येऊन चौकोन खोडलास. ते खोडायचे नसतात रे, प्रत्येक मुलासाठी चारही नव्याने काढायचे असतात. आणि धाकटीचं कळल्यावर काय म्हणालास, तर नशीब. माझ्या नशिबावर ढकलून मोकळा झालास.

आता तुझं स्वतःचं गणित कर. माझ्यात हे आलं ते आईकडून नाहीतर बाबांकडून. म्हणजे तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि तुझ्याकडून ठमीत उतरण्याची त्याच्या निम्मी. तपासून घे म्हटलं की तुझं एकच, मला काय धाड भरलीय. वाहकाला काही होत नाही, दादा. व्हायचं ते पुढच्याला होतं.

तू फोन करायच्या आधीच ठमी माझ्याकडे येऊन गेली होती. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं, रक्त तपासायला सोबत गेले. आज रिपोर्ट आला. ती वाहक आहे. होणाऱ्या नवऱ्याला तिनेच कळवलं, आणि तो उद्या आपणहून तपासणीला येतोय. त्याच्यात नसेल तर त्यांच्या मुलांना हा आजार व्हायचा नाही. असेल तर पुढे काय, ते दोघं डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवतील. तू ये, त्यांच्याजवळ बस, चहा पाज. फक्त पेन हातात घेऊ नकोस.

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
मिरची