पाटीवरचा शब्द

३ जानेवारी

प्रिय आपा,
सलाम, दुआ, वि. वि.

लाडोचं लग्न ठरल्याचं तुझं पत्र मिळालं. तुझ्या भावजयीनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. शेवटी तिला सांगावं लागलं, की बाई, मी पेंटर आहे, रेडिओ नाही. दुल्हेभाईंना सांग, मांडवावरची पाटी मामाच रंगवणार. संगणकावर छापलेल्या फलकांनी माझा धंदा बुडवला असला, तरी हात शाबूत आहे.

फोन न करता पत्र का, तर तुझ्या घरी फोन बैठकीत आहे आणि सगळ्यांचे कान तिथेच असतात.

डॉक्टर म्हणतात, हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस हवं. सरकारी दवाखान्यात वाट्याला एकच पाळी येते. मशिदीच्या कमिटीनं गेल्या वर्षी दोन मशीनचा दवाखाना काढलाय, अडचणीतल्या घरांसाठी, फुकट. मागायला माझा हात पुढे होत नव्हता. पण तिच्या पायांची सूज बघितली आणि अर्ज भरला. परवा कमिटीचे खजिनदार, ते टायरवाले, घर बघायला आले आणि दारातच थबकले. अब्बांची पाटी वाचली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला. आत येऊन सुकलेले रंगाचे डबे बघितले, हिला बघितलं. डोळे भरून आले त्यांचे, खोटं नाही सांगत. मग म्हणाले, की तुम्ही सय्यद, नबींच्या घराण्यातले. दवाखाना चालतो जकातीच्या दानावर आणि ते दान सय्यदांना चालत नाही. लोकांच्या मालाचा मळ तुमच्या पदरात कसा घालू, असं म्हणाले. इमदादची, आपखुशीच्या मदतीची वेगळी पेटी आहे, ती सगळ्यांना चालते. पण लोक फर्ज, बंधनाचं तेवढंच देतात, त्यामुळे ती पेटी कायम रिकामी.

आपा, आपले आजोबा गाद्या पिंजायचे हे तुला माहीत, मला माहीत. अब्बा कचेरीत चिकटले, घर बांधलं, आणि चौदा वर्षांच्या मला पाटी रंगवायला बसवून नावाआधी सय्यद लिही म्हणाले. चार दिवस लागले होते मला. माझं पहिलं काम ते. खूश होऊन त्यांनी मला खरा केसांचा ब्रश आणून दिला होता. चाचांनीही मग आपल्या दारावर तेच लिहून घेतलं. ही त्यांची मुलगी, म्हणजे माहेरूनही सय्यद आणि सासरूनही. दोन्हीकडून अडकली बिचारी.

खजिनदारांना बाजूला घेऊन खरं सांगून टाकावं म्हणतो. पण घराण्याचा शब्द माझ्या एकट्याचा नाही, म्हणून तुला विचारतो. लवकर कळव. लोभ आहेच, तो धरून ठेव.

तुझा धाकटा


१२ जानेवारी

चि. ब्रशमियाँ यास,
आपाच्या अनेक उत्तम दुआ. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात जाऊन वाचलं. दुल्हेभाईंना वाटलं, माझं पोट बिघडलंय. त्यांनी ओव्याचं पाणी करून ठेवलं, तेही मुकाट्यानं प्यायले.

तुझ्या दुल्हनची फार काळजी वाटते. दोन गरम पांघरुणं आणि माझा लोकरीचा स्वेटर पाठवतेय. स्वेटर तुला होईल अशी आशा करू नकोस, तो तिच्यासाठीच आहे.

पण छोट्या, आत्ता तोंड उघडू नकोस. लाडोची दोन स्थळं मोडली, हे तू बघितलंस. दुसऱ्या वेळी पोरगी आठ दिवस खोलीबाहेर आली नाही. या लोकांनी रंग विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही, देणंघेणं विचारलं नाही. एकच विचारलं, खरे सय्यद ना? दुल्हेभाईंच्या घराण्याचे कागद आहेत, पण त्यांना मुलीचं आजोळही बघायचं आहे. आणि ज्यांना बाजूला घेऊन तू सांगणार, ते टायरवाले आमच्या व्याह्यांचे मावसभाऊ आहेत. तुझी गोष्ट संध्याकाळपर्यंत इथे पोचेल.

मार्चच्या दहा तारखेला निकाह आहे. तेवढं थांब. तू म्हणशील, आपा स्वार्थी झाली. झाली. मुलीची आई झाल्यावर मला दुसरं काही होता आलं नाही.

आणखी एक. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. व्याह्यांनी आपला शजरा मागितलाय, नबींपर्यंतची वंशावळ. अब्बांच्या पेटीत होता, वाळवी लागली, असं सांगून वेळ मारून नेली. तर ते म्हणाले, तोंडपाठ असेल तसा नव्यानं लिहून द्या. तुझ्यासारखं अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही. माझ्यासाठी नको, लाडोसाठी कर. तुला लहानपणी कडेवर घेऊन मी शाळा चुकवली, त्याची वसुली समज हवं तर.

दुल्हनला माझ्याकडून जवळ घे. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझी आपा


६ फेब्रुवारी

प्रिय आपा,
सलाम, दुआ, वि. वि.

नळीत घालून शजरा पाठवलाय. मिळाला की कळव. अकरा पिढ्या मी एका दुपारी जन्माला घातल्या. त्यांच्यावरच्या पिढ्या दर्ग्यात टांगलेल्या शजऱ्यावरून उतरवल्या. आजोबांच्या आजोबांना समुद्रापलीकडून घोड्यावर बसवून आणलं. घोड्यानं समुद्र कसा ओलांडला, ते व्याह्यांनी विचारलं तर तू बघून घे. अक्षर मात्र असं लागलंय, की मलाच क्षणभर खरं वाटलं.

कागद वळत होता, म्हणून हिनं एक टोक धरलं होतं. हात इतके सुजलेत की पाणी पाझरतं आणि हिच्या बोटांचे ठसे कागदावर उमटतात, म्हणून खाली रुमाल घातला. माझं नाव कुठे येतं, असं तिनं विचारलं. शजऱ्यात बायकांची नावं नसतात, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाली, बरंय, मग मला यातून वगळलंच आहे तर मशीनवर झोपवा. हसली आणि दम लागला. आपा, मी हसलो नाही.

कमिटीत माझा मान फार वाढलाय. मी पुन्हा विचारायला गेलो तर खजिनदार उठून उभे राहिले, स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली. मला बसायला खुर्ची मिळते, तिला झोपायला खाट मिळत नाही. माझ्यासमोर एक हमाल आला, पाच मिनिटांत त्याच्या आईचं नाव लागलं. त्याचा हेवा वाटला मला. माणसं नशीब काढतात म्हणतात ना, त्यानं काढलं होतं. त्याच्या बापाला पाटी लावण्याची हौस नव्हती.

मी तोंड उघडलेलं नाही. शब्द दिला तो दिला. पण दहा मार्च फार लांब आहे, आणि हे मी तुला फक्त माहिती म्हणून लिहीत नाहीये. तुला एक ओळ लिहिता आली तर लिही. स्वेटर तिला आवडला. लोभाचं तू जाणतेसच.

तुझा धाकटा


१९ मार्च

चि. छोट्या यास,
आपाच्या अनेक दुआ. वि. वि.

निकाह झाला. तू आला नाहीस, ते योग्यच केलंस. तुझी पाटी मांडवावर होती आणि लाडो तिच्याखाली उभी राहून रडली. त्यानंतर नऊ दिवस घरात पाहुण्यांचा राबता होता, रोज पंचवीस माणसं जेवायला. तुझ्या पत्राला उत्तर लिहायचं दीड महिना राहिलं. पाहुण्यांचं निमित्त सांगतेय, पण ते खरं नाही. उत्तर मला माहीत होतं, म्हणून लिहीत नव्हते.

काल व्याह्यांच्या घरी गेले. त्यांनी शजरा काचेत मढवून बैठकीत लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवतात. मलाही दाखवला. खालच्या कोपऱ्यात रुमालाच्या विणीचा पुसट डाग आहे. त्यांना तो दिसत नाही, मला दुसरं काही दिसेना. छोट्या, मी काय करून बसले!

मी आजच तुमच्या खजिनदारांना वेगळं पत्र टाकलंय. आम्ही पिंजाऱ्याची नातवंडं, सय्यद नाही, पाटी खोटी आणि शजराही खोटा, असं माझ्या सहीनं लिहिलंय. व्याही काय करायचं ते करोत. दुल्हेभाई माझ्याशी बोलत नाहीत. लाडोला मी स्वतः सांगेन. तू फक्त दुल्हनला तयार ठेव. तिची माफी मी समोर येऊन मागणार आहे, तिला आधी काही सांगू नकोस. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर थोडा उसना दे.

तुझी आपा


२५ मार्च

आपा,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. ती सतराला गेली, दुपारी, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात. पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी फोन लावला होता. कोणीतरी उचलला, मागे ताटांचा आवाज, हसणं. कोण बोलतंय, असं विचारलं. मी ठेवून दिला. राग धरून नाही, लग्नघरात हे सांगवेना. तिकडे कळवू नका, असं खजिनदारांनाही मीच सांगितलं.

कफन कमिटीनं दिलं. कफनाला जकात चालत नाही, ते इमदादच्या पेटीतून द्यावं लागतं. पेटीत होतं तेवढं. मला वाटलं होतं, पेटी अगदीच रिकामी आहे. मेलेल्या माणसाला लागतं तेवढं तिच्यात नेहमी ठेवतात, असं खजिनदारांनी सांगितलं. चांगला माणूस आहे. कबरीत माती त्यांनीही टाकली.

शनिवारी ते तुझं पत्र हातात घेऊन आले. या वेळी चपला घालूनच आत आले आणि उभ्यानं बोलले. आधी मला फसवणारा म्हणाले, मग खाली बसून रडायला लागले. इतकंच आधी का नाही सांगितलंत, असं पुनःपुन्हा विचारत होते. जाताना एक कागद सतरंजीवर ठेवून गेले. तुझं पत्र पोचलं, त्याच सकाळी त्यांनी कमिटीकडून सही करून घेतला होता. इकडे काय झालं ते ठाऊक असूनही का आणला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हिचं नाव आहे त्यावर, नुसतं नाव, मागे-पुढे काही नाही. सोमवारपासून, आठवड्यातून तीनदा, खाट क्रमांक दोन. जानेवारीतच हा कागद मी एका वाक्यात मिळवू शकलो असतो. तू थांब म्हणालीस, हे खरं. थांबलो मी.

व्याह्यांकडून अजून काही आलेलं नाही. आलं तर लाडोला एवढंच सांग, की मामीनं तिच्या लग्नाचं पत्र तीनदा ऐकलं होतं.

काल कबरीची पाटी रंगवायला बसलो. फळी घासली, पांढरा हात दिला, सुकू दिला. काय लिहायचं ते मनात पक्कं होतं. ब्रश उचलला आणि हातानं सवयीनं आधी सय्यद लिहिलं. लिहून झाल्यावर मला दिसलं. इतकं सुबक अक्षर मला चाळीस वर्षांत लागलं नव्हतं. रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, वरून पुन्हा पांढरा हात दिला आणि तिचं नाव लिहिलं. तरी ऊन तिरपं पडलं की खालचं अक्षर दिसतं.

तू ये, माफी तिच्यासमोर माग. मी अडवणार नाही. लोभ वाढावा असं दर पत्राच्या शेवटी लिहायची आपली रीत आहे. आज आहे तेवढाच राहू दे.

धाकटा