तब्येत जरा बरी नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज इंग्रजीच्या क्लासात अरुंधती मॅडमनं एकच शब्द घेतला — ब्रेक! कप ब्रेक, हाड ब्रेक. इथवर ठीक. मग म्हणे वचन पण ब्रेक होते, दिल पण, अन् बातमी पण! मी विचारलं, "मॅडम, फुटलेली बातमी फेविक्विकनं चिटकते का?" सारा क्लास हसला. मॅडम नाही हसल्या. म्हणे, वाईट बातमी माणसाले हळूच सांगणं, ते बी ब्रेक करणंच.

हळूच? आमच्या खापरखेड्याच्या कॉलनीत तर कोणी सांगतच नाही! कोणी मेलं की बाहेरगावच्या पोराले फोन जाते — "बाबाची तब्येत जरा बरी नाही, निघून ये." बस. माणूस गेलेला असते. पण पोरगं रस्त्यात आहे, कुठं पडलं-बिडलं तर? म्हणून कोणी म्हणत नाही. पोराले समजते. तो बी विचारत नाही.

रात्री कॉलनीतून बाबाचा फोन आलता. "आज काय शिकला बे?"
"तोडणं."
"ते तर तुले जन्मापासून येते!"

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या कॉलनीची फायनल. आमच्याकडं बॉलर एकच, संघपाल. अन् तो बुटीबोरीच्या कपड्याच्या कंपनीत अडकलेला. "सुपरवायझर सुट्टी देऊन नाही राहिला बे," म्हणे.

डोक्यात लाईट लागला! एक वाक्य असं आहे का त्याले कोणताच सुपरवायझर नाही म्हणत नाही. मी कामाले आहे त्या धरमपेठेच्या मोबाईल दुकानात नवी सिम पडली आहे. अन् संघपालच्या शेजारचे रुपरावकाका — त्यांचा आवाज मले हुबेहूब येते, खोकल्यासकट. सकाळी लावतो. आला की खरं सांगून टाकीन. हसू दोघं.

९ नोव्हेंबर, रविवार

 

सकाळी लावला फोन. खोकलो. "संघपाल, लहानूची तब्येत जरा बरी नाही. निघून ये गा." तिकडून फोन कटला. मले वाटलं रेंज गेली!

मग धरमपेठेतून बस धरून मी कॉलनीत. त्याचा बाप, लहानूकाका, बनियनवर ओट्यावर बसून तर्री-पोहे खाऊन राहिले. मी म्हटलं, आता मजा येईन.

पहिले आली इंदूबाई, लहानूकाकाची बहीण. पांढरं लुगडं. ऑटोतून उतरली ते "दादा रे माह्या" करतच! मागं टेम्पो. टेम्पोत बी सारे पांढरे! संघपालनं निघता निघता सगळ्यांले फोन केलते — तेच वाक्य. हे माह्या डोक्यातच नव्हतं!! काका प्लेट घेऊन उठले, "कोण गेलं वं इंदू?" अन् सगळे रडून राहिले म्हणून तेही रडाले लागले! इंदूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. तोंड उघडंच.

मी हसलो. खरंच हसलो.

मग संघपालची गाडी. पँट गुडघ्यावर फाटली, रक्त. रस्त्यात पडलता. सरळ बापाजवळ गेला, त्याचे गाल चाचपले. मिशीले तर्री लागली होती, ती बोटानं पुसली. अन् तिथंच खाली बसला.

हात नाही उचलला माह्यावर. शिवी बी नाही. "बुटीबोरीपासून इथवर माहा बाप मेला होता, प्रीतम," एवढंच.

मॅच झालीच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

संघपालनं ब्लॉक केलं. मॅडमनं ब्रेकची वाक्यं मागितली होती. एक बी नाही लिहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबाचा फोन. चार दिवसानं बोलला. पोट भरून शिव्या दिल्या. लहानूकाकाच्या ओट्यावर जाऊन माफी मागून आला म्हणे, माह्या वाटची. मग फोन ठेवता ठेवता — "अन् माहा असा फोन आला तर धावत येशील का बे?"

"ऑटोनं येईन. पाय दुखतात."

हसला. लय वेळ हसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घ्या! दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना रुपरावकाकाचा फोन. "प्रीतम, बाबाची तब्येत जरा बरी नाही. निघून ये गा."

वा रे संघपाल! मी म्हटलं, "काका, खोकला विसरले तुम्ही!" अन् कापला. परत आला. नाही उचलला. मायले लावला, तिनं नाही उचलला. म्हणजे माय बी सामील!

बरं वाटलं पण. बदला घेतला म्हणजे कट्टी संपली. संध्याकाळी क्लास करतो, मग समोसे घेऊन जातो त्याच्याकडं.

२३ नोव्हेंबर, रविवार

संघपाल त्या दिवशी क्लासच्या दारात उभा होता. फोनवर मी मानलं नसतं, म्हणून आला. "बस मागं."

कोराडीपर्यंत मी एकच विचारत राहिलो — सिरियसच आहे ना फक्त? बोल ना बे, जिता आहे ना?

"हो गा," तो म्हणे. "तब्येत जरा बरी नाही." गाडी हळू चालवून राहिला होता. दर वेळी तेच सांगितलं त्यानं, न कंटाळता.

बाबा दुपारीच गेलता.