दाढीच्या साबणाची डबी

३ मार्च, मंगळवार
कपाळाला तीन टाके. वॉर्डातल्या संडासाच्या दारातच कोसळलो. बीपी एकदम उतरलं म्हणे.

बोल सगळा पाहुणीला. पाहुणी म्हणजे परदेशातून शिकायला आलेली डॉक्टरीण. वॉर्डात तिला सगळे पाहुणीच म्हणतात. गळ्यात तात्पुरत्या परवान्याचं कार्ड – मुदत सहा महिने, काम मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. दाखल झालो तेव्हा तिने विचारलं होतं, बीपीच्या गोळ्या रोज घेता ना? मी म्हणालो, रोज, दोन वेळा, न चुकता. तिने तसंच लिहिलं. रोज घेऊनही बीपी चढलेलं, म्हणून डोस दुप्पट झाला. इथे नर्स समोर उभी राहून गिळायला लावते!

मोठ्या डॉक्टरांनी आज सूनबाईसमोर विचारलं, "आजोबा, हिला तुम्ही काय सांगितलं होतं?" माझी जीभ वळली ती अशी – "गोळ्या अधूनमधून राहतात, असं सांगितलं होतं."

पाहुणी तिथेच उभी होती.

४ मार्च
झोप नाही. इथे तरी खरं लिहू दे. इथे येण्याआधी दोन महिने एकही गोळी गिळलेली नव्हती. त्या घेतल्या की लघवी आवरत नाही. दिवाणखान्यातली नवी गादी खराब झाली तेव्हा मी नातवाच्या पाण्याच्या बाटलीवर ढकललं. पोरगं उगाच बोलणी खाऊन बसलं.

मुलाच्या कष्टाच्या पैशाच्या गोळ्या, टाकवत नाहीत. दाढीच्या साबणाच्या जुन्या डबीत जमवतो. विसरणं म्हाताऱ्याला माफ असतं. हे नाही.

६ मार्च
दुपारी पाहुणी एकटी आली. आपल्या भाषेत एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी बोलते. "आजोबा, खरंच राहत होत्या गोळ्या?" मी हो म्हणालो, आणि अंगाखाली दडवलेला ओला टॉवेल आणखी आत सारला. तिची नजर तिथे गेली. तिने पडदा ओढला, कपाटातून कोरडा पायजमा आणून पायथ्याशी ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

सत्तर वर्षांच्या आयुष्यात इतका ओशाळलो नव्हतो.

९ मार्च
घरी आलो. सूनबाईने परवाना देणाऱ्या कचेरीला तक्रार लिहिली. "भाषा येत नाही तर माणसांच्या जिवाशी खेळता कशाला?" मुलगा म्हणाला, सही करा बाबा. मला वाचायला चष्मा सापडत नाही म्हटलं. सूनबाईने चष्मा माझ्याच डोक्यावरून काढून दिला.

सही केली.

पाहुणीचा परवाना महिनाअखेर संपतो. तक्रार असली तर वाढवून मिळत नाही. परत जावं लागेल.

११ मार्च
डबी हलवली तर खुळखुळते. कपड्यात गुंडाळली.

१६ मार्च, सोमवार
कचेरीत बोलावलं होतं. लांब टेबल, तीन साहेब, कडेला पाहुणी. सूनबाई माझ्या शेजारी. उठून बोललो – डॉक्टरबाईंची चूक नाही, मीच खोटं सांगितलं.

मधले साहेब हसले. पाहुणीचा कागद वाचून दाखवला. तिने स्वतःच लिहून दिलंय – भाषा समजण्यात माझी चूक झाली. खाली सही. साहेब म्हणाले, "आजोबा, तुमचं मन मोठं आहे. पण दया दाखवून परवाने वाढत नाहीत." निकाल उद्या.

बाहेर सूनबाईने माझा हात धरला. "तुम्ही फार भोळे आहात हो, बाबा." टॅक्सीत तिने मला खिडकीची बाजू दिली.

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं होतं.

१७ मार्च
डबी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. गोळ्या घरंगळत पार पाहुणीच्या कागदांपर्यंत गेल्या. सूनबाई एकेक वेचू लागली, आणि मध्येच थांबली.

साहेबांनी पाहुणीला विचारलं, हे माहीत होतं? ती म्हणाली, हो. मग खोटं का लिहून दिलंत?

"आजोबांनी मला सांगितलं नव्हतं. मी फक्त पाहिलं होतं. ते सांगायचा हक्क त्यांचा."

उठलो तेव्हा खुर्ची ओली होती. ती लपवायला मी परत बसलो नाही.