बियांपासूनचं ब्रोमेलियाड

आई, परवा ठाण्याच्या प्रदर्शनात ब्रोमेलियाडमध्ये पहिला नंबर मला मिळाला. तुमच्या कुठल्या झाडाला नाही, तुमच्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिल्लालाही नाही. ज्याला तुम्ही 'गवत' म्हणाला होतात, त्याला मिळाला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं जे होतं ते सगळं तुमच्याच झाडांबद्दलचं होतं आणि ते तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असायचं. हे मात्र तुम्हाला माहीत नाही. म्हणून बसले आहे लिहायला, आणि आज जरा फुशारकी मारणार आहे. ऐकून घ्या.

लग्न होऊन मानपाडा रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हा झाडं म्हणजे तुळस आणि मनीप्लांट एवढंच मला कळत होतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत उन्हाच्या बाजूला जाड पानांची सक्युलंट्स आणि सावलीच्या बाजूला ग्रिलला टांगलेली, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड्स. कॉलेजचं तोंड न पाहिलेली बाई लॅटिन नावं अशी घ्यायची जणू ती तिची मावसभावंडंच आहेत. याला पाणी मुळाशी, पोटात थेंब नको. त्याला पाणी पानांच्या मधल्या पेल्यात, मूळ कोरडं राहिलं तरी चालेल. मी मान डोलावली आणि माझ्या डोक्याने एक पुण्यकर्म सुरू केलं. पूजा झाली की ताम्हनातलं पाणी त्यातल्या सर्वांत देखण्या झाडाच्या पेल्यात ओतायचं. तुळशीला तीर्थ चालतं, मग याने काय पाप केलंय?

महिनाभराने मधलं पान माझ्या हातात आलं, बुडाशी तपकिरी आणि चिकट. तुम्ही ते नाकाशी नेलंत. "काय घातलंस यात?" मी म्हटलं, पूजेचं पाणी. तुम्ही डोळे मिटलेत. "अगं, तांब्याचं ताम्हन ते. तांबं म्हणजे विष याला. देवाला चालतं म्हणून सगळ्यांना चालतं असं नसतं." मी कणीक मळता मळता रडले. तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, "आता पाणी पुरे, कणीक सैल होईल." तेव्हा मला ते फार लागलं होतं. आता मीच हा किस्सा हसत हसत सांगते.

पण त्या झाडाचं प्रकरण तिथे मिटलं नाही. त्या रविवारी तुम्ही मला तुमच्या झाडवेड्यांच्या मंडळाच्या बैठकीला नेलंत. शाळेचा वर्ग, मुलांची बाकं, त्यावर गुडघे अडकवून बसलेली मोठी माणसं. कुणीही नवं झाड दाखवण्याआधी महिनाभरात मेलेल्या झाडांच्या नावाच्या पट्ट्या टेबलावर ठेवायच्या आणि प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, कसं मारलं. 'माहीत नाही' हे उत्तर चालत नाही. ही रीत तुम्हीच घातलेली. तुम्ही श्रीखंडाच्या डब्यातून कापलेली त्या झाडाची पट्टी माझ्या हातात दिलीत आणि सगळ्यांना म्हणालात, "ही माझी सून. सांग गं." मी उभी आहे आणि ताम्हन हा शब्द काही केल्या तोंडातून निघत नाही. शेवटी सांगितलं. कोणी हसलं नाही. कोलशेतचे काका, ते खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, मासळीच्या जुन्या थर्माकोलच्या खोक्यांत निवडुंग लावणारे, एवढंच म्हणाले, "बस गो पोरी. मी बोरिंगचा खारा पाणी घालून अख्खी रांग मारलीय." आणि त्यांनी मला माझं पहिलं पिल्लू दिलं.

तुमचा मला किती अभिमान वाटला त्या दिवशी, हे घरी येताना रिक्षात सांगायचं राहून गेलं. चुका टेबलावर मांडायची रीत घालणारी सासू कुणाला मिळते? पण मंडळात सगळे तुम्हाला काकू म्हणायचे, आणि त्याच दिवसापासून मी तिथे 'काकूंची सून' झाले. लोकांनी माझा फोन नंबरसुद्धा त्याच नावाने ठेवला होता. झाड तरारलं की काकूंचा हात, वाळलं की सुनेने मारलं. बँकेत मी ऑफिसर झाले, माझ्या सहीवर लोकांची कर्जं मंजूर होत होती, आणि रविवारी मी पुन्हा काकूंची सून. हे मला टोचायचं, आई. तुमच्याशी मी कधी वाकडं बोलले नाही, पण टोचायचं.

म्हणून मी बी धरलं. तुमचीच दोन झाडं एकदम फुलली होती. तुम्ही देवळात गेला असताना बारीक ब्रशने एकाचा पराग दुसऱ्याला लावला. त्या घरात एक तरी झाड असं हवं होतं जे तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हातून आलेलं नाही. पेढ्यांच्या पारदर्शक खोक्यात ओलं कोकोपीट घालून बी पेरलं आणि खोकं ठाण्याला बँकेच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीत ठेवलं. आठ महिन्यांनी रोपं घरी आणली तर तुम्ही चष्मा वर करून बघितलंत. "पिल्लं फुकट मिळत असताना बियांपासून कोण वाढवतं? फूल बघेपर्यंत म्हातारी होशील. फेकून दे ते गवत." तुम्ही आजारी पडलात तेव्हा पलंगावरून रोज झाडांची हजेरी घ्यायचात. याला घातलंस पाणी? त्याला? माझ्या खोक्याचं नाव एकदाही घेतलं नाहीत. मी तुमचं सगळं केलं, मनापासून केलं, पण त्या खोक्यावरून मी तुमच्यावर चिडलेली होते आणि तुम्ही गेलात तेव्हाही तो राग गेलेला नव्हता.

पहिलं फूल तुम्ही गेल्यावर सहाव्या वर्षी आलं. काळपट पानांवर चांदीचे आडवे पट्टे, गुलाबी दांडा, हिरव्या पाकळ्यांना निळी कड. दोन्ही आयांपेक्षा देखणं आहे, आणि हे मी काही उगाच म्हणत नाही. तरी कुणाला दाखवलं नाही. पिल्लं वाढवली, त्यांतल्या एकाला पुन्हा तसंच फूल येईपर्यंत थांबले. परवा हॉलमध्ये परीक्षक पानांच्या बेचक्यांत भिंग घालून खवले कीड शोधत होते, त्यांना काही सापडलं नाही. ती शिस्त तुमची, ते मी नाकारत नाही. कोलशेतचे काका काठी टेकत आले आणि वाकून बघत राहिले.

"काकूंचा झार ना ह्यो?"

"नाही काका. माझं आहे. बियांपासून वाढवलंय."

"कवा पेरलेला?"

"अकरा वर्षं झाली."

"न् कुनाला बोलली नाय?"

"एका फुलावर बोलायचं नाही, असं आईच सांगायच्या."

काकांनी मान हलवली आणि हॉलभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात लोकांना बोलावलं. मी साडीचा पदर नीट करत उभी राहिले आणि अजिबात लाजले नाही.

नवीन झाड म्हटल्यावर त्याला नाव द्यायचं असतं. सेक्रेटरींनी फॉर्म पुढे केला, तर त्यांनी पेन्सिलीने तुमचं नाव लिहूनच ठेवलेलं. "हेच ना वहिनी?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. लग्नात तुमच्या पसंतीचं नाव तुमच्या मुलाने ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं, ते नाव मी पंचवीस वर्षं वापरते आहे. वाईट नाही ते. पण त्याआधीचं माझं नाव फक्त माझी आई घ्यायची, आणि तीही गेली, तेव्हापासून ते कुणाच्याच तोंडात नाही. मी सेक्रेटरींकडे खोडरबर मागितलं आणि तुमच्या नावाच्या जागी माझं ते माहेरचं नाव लिहिलं. ते बुचकळ्यात पडले. "ह्या कोण?" मी म्हटलं, "मी."

हे पत्र कपाटात साड्यांच्या खाली जाईल. तुमच्या फोटोपुढे ठेवायचा धीर मला होणार नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "आईचं नाव का नाही दिलंस?" मी सांगितलं, फार मनात होतं हो, पण नियमात बसलं नाही. आई, असा काही नियम नाही. आणि सेक्रेटरींनी लिहिलेलं दिसेपर्यंत, त्या अकरा वर्षांत, तुमचं नाव माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.