सुंदरीच्या पोटातलं पाणी

२८ जुलै १९३८, निपाणी

सुंदरी ओढ्यात बुडाली. बेळगावहून इकडे येताना, तवंदीचा घाट उतरल्यावरचा ओढा. हे म्हणाले, "गुडघाभर तर पाणी आहे, घाल." मोतीबिंदूमुळे यांना गुडघा नि कंबर सारखीच दिसते, हे मला ठाऊक. तरी घातली. मध्यावर दिवे पाण्याखाली गेले, इंजिनाने एक मोठी उचकी दिली नि गप्प.

हे हँडल घेऊन उतरायला निघाले. मी दंड धरला. पोटात पाणी असताना फिरवलं तर आतलं लोखंड वाकतं, हे मला गाडी शिकवताना यांनीच सांगितलेलं. लोंढ्याच्या जंगलात, यांची नोकरी होती तेव्हा. तेव्हा हे ओरडायचे नि मी ऐकायची. आता...

निरोप गेल्यावर धाकटे दीर, बापू भावजी, बैलजोडी नि वखारीतली माणसं घेऊन आले. "वहिनी, होडी न्हवं ही, मोटार हाय!" सुंदरी ओढत त्यांच्या दारी.

२९ जुलै

अडकलो तर कळवायचं असा शब्द दिलेला, म्हणून यांनी शशीला तार केलीच. पोटचा मुलगा, पण मोटारीच्या बाबतीत सावकार. मे महिन्यात पुण्याला परत जाताना बजावून गेलाय: बाबांना दिसत नाही, आईचं वय झालं, एकदा जरी वाटेत अडकलात तर गाडी विकायची. कोगनोळीचं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय.

हे जेवले नाहीत नीट. सुंदरी गेली तर आम्ही दोघं बेळगावच्या ओसरीवर बसून राहणार, एवढंच.

प्लग काढून हँडल हळू फिरवलं. भोकांतून पाणी उडालं, यांचा सदरा भिजला. ऑइल ताकासारखं पांढरं. काढलं, नवं भरलं. कार्ब्युरेटरमध्ये वाटीभर ओढा.

नागपंचमी

ठिणगी देणारा मॅग्नेटो ओला. ऊन नाही, म्हणून चुलीच्या उबेला ठेवायला नेला. जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आक्का, आज चुलीवर तवा चढत न्हाय आन् तुमचं ह्ये यंत्र चढणार व्हय?"

"चढवत नाही गं, शेजारी बसवते."

"बसू दे. पर दिंडांना त्येलाचा वास लागला तर तुम्हीच खायची सगळी."

लागला थोडा. सगळ्यांनी खाल्ली. पुरण झकास होतं.

२ ऑगस्ट

ठिणगी येते. पेट्रोल येतं. हँडल मारलं की सुंदरी पकडते, दोनचारदा खोकते नि मरते. दिवसभर हेच. इथला मेस्त्री म्हणतो मॅग्नेटो, हे म्हणतात पेट्रोलमध्ये पाणी, भावजी म्हणतात दृष्ट. लिंबू-मिरची बांधून झाली.

ती मेली की मला शिंक येते. हे म्हणाले, "ओढ्यात भिजलीस, सर्दी." पण एरवी तर नाक मोकळं.

३ ऑगस्ट

सर्दी नव्हे, तंबाखू! इंजिन खोकलं की ऊन तंबाखूचा वास. निपाणीकरांना तो कळणार कसा, ते त्यातच वाढलेले. मी वासामागे गाडीभोवती फिरले, मागे जाऊन वाकले. सायलेन्सरच्या नळीत खोल काहीतरी. पोती ओढायचा आकडा घालून मेस्त्रीने ओढलं तर तंबाखूच्या गोणपाटाचा हा एवढा बोळा!

भावजी म्हणाले, "मीच कोंबला की वढ्यात. पाणी शिरंल म्हणून."

पावसाळ्यात वखारीत दिसेल त्या भोकात बोळा घालायचा, तंबाखूला ओल नको. हाताची सवयच ती.

हे म्हणाले, "अरे बापू, धूर काय तिनं नाकातनं सोडायचा व्हय रं?" आणि हसले, डोळ्यांत पाणी येईतो. ओढ्यानंतर पहिल्यांदा. बेळगावात अगदी शुद्ध बोलतात, भावाशी मात्र इथलंच.

सुंदरी सुरू. कशी गुरगुरत होती.

४ ऑगस्ट

शशी आला, तोंड लांब करून. सुंदरी सुरू बघून थोडा नरमला. "आई, आपल्या पायांनी बेळगावला पोचली तर मी विकायचं नाव काढणार नाही. वाटेत थांबली तर माझं ऐकायचं." कबूल केलं.

संध्याकाळी मी एकटीच कोगनोळीपर्यंत नेऊन आणली. जरा चढ लागला की टक्. टक्. टक्. सपाटीला नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला डोळे मिटायला लावून पियानोची बेसूर पट्टी ओळखायला सांगायच्या. कान तेव्हापासून लागलाय. ओढ्यातली ती उचकी. आत काहीतरी वाकलं असणार.

यांना सांगितलं नाही. किती दिवसांनी यांनी दोनदा भात मागून घेतला.

५ ऑगस्ट, वंटमुरीच्या पायथ्याशी

मांडीवर वही. रेडिएटरला पाणी घालायला थांबलो, ते थांबणं धरायचं नाही असं ठरलेलं. शशी मागे गाढ झोपलाय, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. तवंदी चढलो खरं, पण टक्टक् वाढली. हा घाट चढला की बेळगाव जवळच.

हे शेजारी बसलेत. इंजिन चालूच ठेवलंय, बंद केलं तर परत लागेल याचा भरवसा नाही. मघाशी म्हणाले, "थंड झाली का गं?" नि उतरून चाचपडत पुढे गेले, बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. बराच वेळ. परत येऊन बसले नि हळूच, शशीला ऐकू जाऊ नये असं म्हणाले,

"ठोका आहे."

"तुम्हाला कळलं?"

"तवंदीपासून. तू गप्प, म्हणून मीही गप्प."

मग म्हणाले, "पहिल्या गिअरमध्ये घे. ओढू नकोस तिला. बोलत बोलत ने."

पाऊस थांबलाय. वही ठेवते. घेते पहिल्यात.