त्याला सांग

३ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. गाठवाल्या बाईंचा आग्रह. बाई समुपदेशक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घरात बसलेल्या गाठी सोडवायचं वर्कशॉप घेतात, दर रविवारी, एका जिमच्या वरच्या हॉलमध्ये. म्हणाल्या, खरं लिहा, कोणी वाचणार नाही असं समजून लिहा. आमच्या घरात तशीही माझी कदर कोण करतं?

खरं असं, की माझे आजोबा माझ्या वडिलांशी बोलत नसत. काही असलं की आजीला म्हणायचे, 'त्याला सांग.' वडील तिथेच बसलेले असायचे. पुढे वडिलांनी माझ्याशी तेच केलं. आईला म्हणायचे, 'तुझ्या लेकाला सांग, केस वाढलेत.' मी समोरच उभा, केसांसकट.

ही साखळी मी तोडणार. मुलगा अठ्ठावीस तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चाललाय. त्याच्या आत तोडणार. वेळ भरपूर आहे.

आमच्यात अबोला नाही. काही महिने थेट बोलणं झालेलं नाही, एवढंच. निरोप सगळे वेळच्या वेळी पोचतात.

५ मार्च

भांडणाचं कारणही लिहायचं म्हणे. लिहितो, मला कसली भीती?

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो. मुलगाही शिकवायला लागला होता. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. एका शिकाऊ मुलीसमोर मुलगा मला म्हणाला, की तुम्ही गरज नसताना ब्रेक मारता, म्हणून आपल्याकडची माणसं लायसन्स मिळालं तरी रस्त्याला घाबरतात. गिऱ्हाइकासमोर! मी एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, 'त्याला सांग, उद्यापासून यायची गरज नाही.' तो बाजूलाच हात धूत होता.

दुसऱ्या दिवशी खरंच आला नाही. बापाच्या मनातलं ओळखता येऊ नये?

आता एका बस कंपनीने त्याला नवे ड्रायव्हर तयार करायला घेतलंय. त्यांच्या बसमध्ये शिकवणाऱ्याला वेगळा ब्रेक नसतो म्हणे. हे मला बायकोकडून कळलं.

८ मार्च, रविवार

पहिली बैठक. पद्धत चांगली आहे. खरे नातेवाईक आणायचेच नाहीत. हॉलमधली अनोळखी माणसं तुमच्या घरातल्यांच्या जागी उभी करायची आणि मग काय होतं ते बघायचं. नातेवाईक असेच हवेत.

आजोबांच्या जागी एक विमा एजंट उभा केला. वडिलांच्या जागी पोहायला शिकवणारी एक बाई, कारण उंच तीच होती. मुलाच्या जागी एक टकले दंतवैद्य, माझ्याहून वयाने मोठे. एकामागे एक, सगळ्यांची एकमेकांकडे पाठ. खालच्या जिममधून वजनं आपटल्याचे आवाज येत होते. गाठवाल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात बायका नव्हत्या का? म्हटलं, होत्या की, पण हा प्रश्न पुरुषांचा आहे. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. माझी केस त्यांना आवडलेली दिसते.

शेवटी दंतवैद्यांच्या डोळ्यांत बघून मनातलं बोलायचं होतं. मी म्हणालो, 'तू जा. माझा तुझ्यावर राग नाही.' दंतवैद्य रडायला लागले. मग मीही रडलो. त्यांनी मिठी मारली, लवंगेच्या तेलाचा वास आला. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मिटलं एकदाचं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

बायकोला म्हटलं, 'त्याला सांग, आमचं मिटलं.'

तिने विचारलं, कधी? म्हटलं, आज सकाळी. ती म्हणाली, सकाळी तर तो घरी झोपला होता. म्हटलं, त्याची गरज नसते, पद्धतच तशी आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. नव्या गोष्टी तिच्या जरा उशिराच डोक्यात शिरतात.

निरोप गेला. आतल्या खोलीतून उत्तर आलं, 'बरं.'

१२ मार्च

गाठवाल्या बाईंचा फोन. मिटलं वगैरे इतक्यात म्हणू नका म्हणाल्या. होमवर्क दिलंय. तेच वाक्य खऱ्या मुलाला, तोंडावर, मध्ये कोणालाही न घालता म्हणायचं. ते काय, उद्या सकाळी उरकतो.

१३ मार्च

सकाळी तो चहा घेत समोर बसला होता. पण माझ्या हातात पेपर होता. पेपर खाली ठेवून बोलायला लागणं नाटकी दिसलं असतं. उद्या.

१४ मार्च

तो लवकर बाहेर पडला. त्याचीच इच्छा दिसत नाही.

१७ मार्च

सराव हवा. आज गाडीत केला. शिकायला एक रिटायर्ड नर्सबाई येतात. त्यांचं लक्ष रस्त्यावर असतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हटलं, 'तू जा. माझा तुझ्यावर राग नाही.' सिग्नल लाल होता. नर्सबाई निघाल्या. मी ब्रेक मारला तेव्हा पुढच्या टेम्पोत आणि आमच्यात हातभर अंतर होतं.

नर्सबाईंनी स्टिअरिंग सोडून दिलं. म्हणाल्या, आधी मला अरेतुरे करता आणि मग लाल सिग्नलला जायला सांगता. मी त्यांना पिढ्यांच्या गाठी समजावून सांगितल्या. त्यांनी उरलेले क्लास रद्द केले.

पण वाक्य छान बसलंय.

२२ मार्च, रविवार

बाईंनी प्रगती विचारली. म्हटलं, भरपूर आहे. मध्यंतरात दंतवैद्यांना कोपऱ्यात घेतलं आणि सुचवलं, की माझ्या मुलाला तुम्हीच एक फोन करा ना. त्या वाक्याचा तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही चांगलं सांगाल. ते म्हणाले, 'माझे वडील अजून हयात आहेत. मी आधी त्यांना फोन करतो म्हणतो.'

माणसं किती आपमतलबी असतात.

२८ मार्च

गेला.

प्लॅन पक्का होता. त्याला स्टेशनवर आपल्याच शिकवायच्या गाडीने सोडायचं, वाटेत वाक्य म्हणायचं, उतरताना पाठीवर हात. बायको सामानासोबत मागे बसली. स्टिअरिंगवर तो. मी माझ्या नेहमीच्या सीटवर. तो चांगली चालवतो. हे मी आजवर बोललो नाही, आणि कोणामार्फत कळवलंही नाही.

स्टेशनच्या अलीकडच्या चौकात वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात एक सायकलवाला दिसला. लांब होता. पण माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन थांबली, मागे बायकोचं कपाळ सीटवर आपटलं.

त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली डॅशबोर्डवर ठेवली. बॅग काढली. 'आई, येतो.' आणि चालत गेला.

पाठ बघितली त्याची. दंतवैद्यांपेक्षा बरीच रुंद आहे.

तसं बघितलं तर तिघं एका गाडीत होतो आणि भांडण झालं नाही. हीसुद्धा प्रगतीच.

२९ मार्च

बैठकीला न जाता बायकोला म्हटलं, 'त्याला सांग, सायकलवाला खरंच मध्ये आला होता.'

ती कपडे घडी करत होती. हातातली घडी पूर्ण करून म्हणाली, 'मी या घरात आले त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं बोलणं लेकापर्यंत नेऊन नेऊन मी थकले, आता तू ने. आता मीही थकले. उद्या सून आली तर हे काम मी तिच्या गळ्यात घालणार नाही. तुमचं तुम्ही बघा.'

कपाळावर टेंगूळ होतं तिच्या. मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. तसं सांगणार होतो, पण सांगायला सांगू कोणाला?

२ एप्रिल

बायको मुलाकडे गेली, त्याची खोली लावायला. परत कधी येणार ते म्हणाली नाही. गाठवाल्या बाईंना फोन केला, म्हटलं, हॉलमध्ये बायका उभ्या करायला हव्या होत्या का? बाई म्हणाल्या, हॉलमध्ये नाही.

५ एप्रिल, रविवार

दुपारी फोन वाजला. मुलाचा. थेट माझ्या फोनवर! वर्कशॉपचा खर्च वाया गेला नाही तर.

म्हणाला, 'बाबा, खोली लावून झाली. आई बरी आहे.'

हीच वेळ. वाक्य तयार होतं, 'तू जा'पासून. पण तो तर कधीच गेलाय. पुढचं काही सुचेना. मी म्हणालो, 'आईला सांग, त्याला म्हणावं, वेळेवर जेवत जा.'

मग तो म्हणाला, 'बाबा, मीच बोलतोय.'

म्हटलं, 'हो, कळलं. तिला सांग.'

मग त्याचा आवाज जरा लांबून आला, 'आई, त्यांना सांग, जेवतो मी.'

आवाज हुबेहूब माझ्या वडिलांचा.

बायकोने निरोप पोचवला नाही. फोन कुठेतरी ठेवल्यासारखा आवाज झाला. बंद मात्र कोणी केला नाही. नळ वाहत होता, भांडी लागत होती, एक खुर्ची सरकली. मी कानाला लावून बसलो. दोघांपैकी कोणीही उचलला असता तर मी सरळ बोलणार होतो, अगदी पक्कं ठरवलं होतं.

मग माझी बॅटरी संपली. चार्जर कुठे असतो, ते तिलाच माहीत.